माळवदाची गळती आणि मातीचंच जलरोधक: बेंटोनाईट, पांढरी, काळी आणि आमचे प्रयोग

सवणं | १८ फेब्रुवारी

नमस्कार. बार्शीच्या पुढे आमचं गाव. घर पणजोबांनी बांधलेलं, आठ खणांचं. सागवानी खांब-तुळया, दगडी भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडावर माती घातलेलं सपाट छत. उजेडासाठी माळवदाला जे भोक ठेवतात त्याला आमच्याकडे सवणं म्हणतात, तेच नाव मी इथे घेतलंय. आई त्या घरात एकटी राहते आणि तिला तिथेच राहायचंय.

माजघर चार वर्षांपासून गळतंय. त्या वेळी तालुक्याच्या एका वॉटरप्रूफिंगवाल्याने माळवदावर कोंबड्याची जाळी अंथरून सिमेंटचा थर दिला आणि त्यावर पांढरं रसायन फासलं. पहिला पावसाळा कोरडा गेला. दुसऱ्या वर्षी भेगा पडल्या. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच उरली नाही. यंदा संक्रांतीनंतर तो थर फोडला, तर भर जानेवारीत खालची माती ओली होती. दोन तुळयांमधल्या किलचांत, म्हणजे मातीखालच्या लाकडी पट्ट्यांत, बोट सहज रुततंय. माळवद उन्हाळ्यात, पावसाळ्यात थोडं हलतं, लाकूड फुगतं, आकसतं. त्यावर सिमेंटचं ताठ कवच टिकणार नव्हतं, हे आता कळतंय.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, बांधकामातली नाही. पण मातीच्या छताला मातीचंच जलरोधक का करता येऊ नये, हा प्रश्न डोक्यातून जात नाही. पायलिंगच्या, म्हणजे इमारतीच्या पायासाठी खोल भोकं पाडतात त्या, साईटवर बेंटोनाईट नावाच्या फुगणाऱ्या मातीचं राखाडी पाणी पाहिलंय. ते पांढऱ्या मातीत (जुन्या वस्तीच्या जागची खारवलेली माती) मिसळून माळवदावर घालता येईल का? कुणी केलंय का? भाऊ म्हणतो, पाडून स्लॅब घालू. आई म्हणते, "स्लॅबखाली मला झोप लागत न्हाई, भट्टी हुती नुस्ती."

गळक्या कोपऱ्यात टिकावाने एक चौकोन उघडला. वरून खाली वेगवेगळ्या रंगाचे थर नीट दिसतात, दर दोन-चार वर्षांनी टाकलेल्या मातीचे. सगळ्यात खाली काळी पडलेली पानं, त्याखाली किलच. एकूण जाडी सव्वादोन फूट भरली.

---

लातूरकर | १८ फेब्रुवारी

ताई, बेंटोनाईटचं नंतर बघू. सव्वादोन फूट हा आकडा वाचून मी उठून बसलो.

मी औसा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. किल्लारी आणि भोवतालच्या गावांत जवळपास दहा हजार माणसं गेली. भूकंप ६.२ चा, जगात त्याहून मोठे कितीतरी झालेत. आमच्या माणसांना मारलं ते चिखलात रचलेल्या गोट्यांच्या जाडजूड भिंतींनी आणि डोक्यावरच्या मातीने. दरसाल गळती थांबावी म्हणून माती टाकायची, ती पावसात धुपायची, पुन्हा टाकायची. कुणी जुनी काढत नव्हतं. माझ्या चुलत्यांच्या घरावर उभा माणूस कमरेइतका पुरेल एवढी माती होती. ती आम्ही तीन दिवस उपसत होतो.

त्यात एक गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली सांगतो. ज्या घरांचं माळवद खणांवर, म्हणजे लाकडी खांब-तुळयांवर होतं, तिथे भिंती बाहेर पडल्या तरी छत बऱ्याच ठिकाणी खांबांवर उभं राहिलं आणि आतली माणसं वाचली. जिथे तुळया नुसत्या भिंतींवर टेकलेल्या होत्या तिथे सगळं खाली आलं. तुमचं घर खणांचं आहे, हे चांगलं आहे. पण आधी वजन काढा. एक घनफूट माती तोलून बघा.

---

सवणं | २१ फेब्रुवारी

लातूरकर काका, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काड ती माती."

एक फूट लांब, रुंद, खोल अशी पेटी फळ्यांची ठोकून माळवदावरची माती तिच्यात चोपून भरली आणि धान्याच्या काट्यावर ठेवली. पेटी वजा जाता ४६ किलो. माजघर १० फूट बाय १६ फूट. १६० चौरस फुटांवर सव्वादोन फूट माती, म्हणजे साडेसोळा टन. वाळूचा भरलेला ट्रक आईच्या अंथरुणावर उभा आहे.

आता माझा प्रश्न बदलला आहे. जास्तीत जास्त सहा-सात इंच जाडीत पाणी अडवणारी माती कशी करायची?

---

तळघर | २२ फेब्रुवारी

प्रश्न आता नेमका झाला. मी पुण्यात तळघरांच्या जलरोधनाचं काम करतो, बेंटोनाईट रोज हाताखाली असतं.

ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली ही माती. अमेरिकेत वायोमिंगमध्ये फोर्ट बेंटनच्या नावाच्या खडकात सापडली म्हणून १८९८ साली तिला बेंटोनाईट नाव पडलं. तिच्यातलं मुख्य खनिज माँटमोरिलोनाईट. पापडांची चवड डोळ्यांसमोर आणा. तसे अतिपातळ थर एकावर एक, आणि पाणी त्या पापडांच्या मधे शिरतं. त्यामुळे चवड फुगते. सोडियम बेंटोनाईट मोकळं सोडलं तर मूळ आकाराच्या दहा-पंधरा पट फुगतं. पण मोकळं फुगलेलं बेंटोनाईट म्हणजे खळ. पाणी अडतं ते त्याला फुगायला जागा दिली नाही तर. जागा नसली की ते स्वतःच्याच दाबाने प्रत्येक फट भरून काढतं. कचरा डेपोच्या तळाशी दोन कापडांमधे बेंटोनाईट भरलेली चटई अंथरतात. तिच्यातून पाणी सेकंदाला मीटरच्या दोन हजार कोटीव्या हिश्शाएवढ्या वेगाने झिरपतं. बोटभरसुद्धा जाडी नसते तिची.

दाबाचं महत्त्व मी एका रात्रीत शिकलो. एका इमारतीच्या दुसऱ्या तळघरात राफ्ट (तळाचा काँक्रीटचा सलग थर) आणि भिंतीच्या सांध्यात बेंटोनाईटची पट्टी ठोकली होती, सकाळी काँक्रीट पडायचं होतं. रात्री वळवाचा पाऊस झाला. सकाळी बघतो तर अंगठ्याएवढी पट्टी मनगटाएवढी झालेली, खिळ्यांतून सुटून सळयांवर लोंबत होती. हात लावला तर साबणासारखी निसटली. सगळी काढून टाकावी लागली. या पट्टीच्या दोन्ही अंगाला किमान ७५ मिमी काँक्रीट लागतं ते याचसाठी.

म्हणून माळवदाबद्दल दोन धोके सांगतो. वरून भार नसेल तर तुमचा थर फुगून वाहून जाईल. आणि उन्हाळ्यात कडक सुकला की भेगाळेल. सगळ्यात वरचा थर म्हणून बेंटोनाईट कधीही नको.

---

भुजवासी | २२ फेब्रुवारी

मी मूळची सांगलीची, अठरा वर्षं भुजमध्ये. आपल्या देशातलं बेंटोनाईट प्रामुख्याने इथलं कच्छचं आणि राजस्थानात बाडमेरचं. इथे खाणी माझ्या रोजच्या रस्त्यावर आहेत. पावसात त्या रस्त्याने दुचाकी घालू नये, एवढंच अनुभवाने सांगते.

सवणं ताई, "बेंटोनाईट द्या" एवढंच म्हटलंत तर कोणतंही पोतं मिळेल. कुठलं ओतकामाचं, कुठलं बोअर-पायलिंगचं, कुठलं मांजराच्या वाळूचं. तुम्हाला सोडियमवालं हवं. कॅल्शियमवालं फारसं फुगत नाही. त्यात कारखान्यात सोडा ॲश मिसळून सोडियमवालं करतात, तेही चालतं. पोत्यावरच्या छपाईवर जाऊ नका, घरीच परीक्षा घ्या. १०० मिलीच्या मोजपात्रात शुद्ध पाणी घ्या. २ ग्रॅम कोरडी पूड चिमूट चिमूट करत वरून सोडा, आधीची बुडाल्याशिवाय पुढची टाकायची नाही. हलवायचं नाही. दुसऱ्या दिवशी तळाशी किती मिली झालंय ते वाचा. चांगल्या चटईच्या मालाला २४ मिली किंवा जास्त लागतं. ८-१० मिलीवर थांबलं तर पोतं परत करा.

पूड हाताळताना नाकातोंडाला चांगला मास्क लावा. फार बारीक असते.

---

सवणं | ९ मार्च

तुमच्या सांगण्याप्रमाणे बेंटोनाईट मागवलं. २ ग्रॅमचं २३ मिली झालं. एका मिलीवरून परत पाठवलं नाही.

माझ्या मातीचंही बघितलं. यासाठी प्रयोगशाळेत रॉकेलची पद्धत आहे: १० ग्रॅम वाळवून चाळलेली माती एका मोजपात्रात पाण्यात, १० ग्रॅम दुसऱ्यात रॉकेलमध्ये. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून दोन्हींतला फरक म्हणजे फुगवटा. चोवीस तासांनी पांढरी माती रॉकेलमध्ये १० आणि पाण्यात साडेअकरा. शेतातली काळी १० आणि १८. काळी एवढी फुगते म्हणूनच उन्हाळ्यात तिच्यात हात जाईल एवढी भेग पडते, हे लहानपणापासून पाहिलेलं. आकड्यात पहिल्यांदा दिसलं.

आमचे गवंडी सत्तरीचे आहेत, सगळे त्यांना मिस्त्रीमामा म्हणतात. त्यांच्यासोबत फुटाफुटाचे दहा लाकडी ट्रे केले, तळाला भोकं पाडली, आत दोन इंच मिश्रण चोपलं, वर इंचभर पाणी उभं केलं आणि खाली ताटल्या ठेवल्या. नुसती पांढरी: चार तासांनी ताटली ओली. नुसती काळी: पहिल्या दिवशी एक थेंब नाही, पण सुकवून पुन्हा पाणी घातलं तर कडेच्या भेगेतून पाच मिनिटांत धार. पांढरी आणि ८ टक्के बेंटोनाईट: दोन दिवस ताटली कोरडी!

मग मला वाटलं, याला थोडा चुना घातला तर कडकपणाही येईल. ५ टक्के चुना मिसळला. पहिल्या ट्रेपेक्षाही लवकर गळाला. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच. चुन्याचा कोबा पाणी अडवतो, बेंटोनाईट पाणी अडवतं, मग दोन्ही मिळून का नाही?

---

गाभाभराव | १० मार्च

पाटबंधारे खात्यात ३४ वर्षं मातीच्या धरणांवर होतो, निवृत्त उपअभियंता. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच विषयात आहे, मॅडम. चुना म्हणजे कॅल्शियम. पापडांच्या चवडीत सोडियम बसलेला असतो तोवर पापड दूर दूर होऊ शकतात. दोन भारांचा कॅल्शियम त्याची जागा घेतो आणि पापड एकमेकांकडे ओढून धरतो. फुगणं संपलं. काळ्या मातीतून रस्ता काढताना आम्ही मुद्दाम चुना मिसळतो ते याच कारणाने. रस्त्याला फुगणारी माती नको असते, तुम्हाला हवी आहे. चुन्याचा कोबा अडवतो तो स्वतःच्या घट्टपणाने, त्याचा मार्ग वेगळा. दोन्ही एकत्र करू नका, एकमेकांना चिकटूनही घालू नका.

तुमच्या पांढरीत लहान प्रमाणात हेच उलटं घडतं. शेकडो वर्षांच्या वस्तीची राख, शेण, मूत यांनी ती खारवलेली असते. त्या क्षारांतला सोडियम मातीचे बारीक कण सुटे करतो, ते कण छिद्रांत जाऊन बसतात आणि वरचा पापुद्रा पाणी ढकलून देतो. आपल्या जुन्या लोकांनी माळवदाला काळी सोडून पांढरी किंवा खारी माती निवडली ती कामातून शिकून.

आता धरणाचं. धरणाच्या पोटात काळ्या मातीचा गाभा असतो आणि दोन्ही बाजूंना मुरमाचं कवच. जायकवाडीचा बांध जवळपास दहा किलोमीटर लांब आहे, आणि बाहेरून दिसतो तो दगड आणि कवच. काळी माती उघड्यावर ठेवली तर तुम्ही ट्रेमध्ये पाहिलंत तेच होणार. गाभ्यातली माती बारा महिने दमट असते आणि चारी बाजूंनी दाबलेली असते, म्हणून टिकते. तुमच्या छतालाही गाभा आणि कवच असंच रचा. बेंटोनाईटचा थर मधे, त्यावर दोन-तीन इंच न फुगणारी, भुसकट घातलेली माती. तीच भार देईल, तीच सावली.

आणि चोपण्याचा ओलावा. मूठभर मिश्रण घ्या, लाडू वळा. हाताला चिखल लागला तर पाणी जास्त. लाडू छातीइतक्या उंचीवरून टाकला आणि भुगा झाला तर कमी. चार-पाच तुकड्यांत फुटला तर बरोबर. या ओलाव्याच्या जरा वरच्या अंगाला राहा, कोरड्या अंगाला नको. धरणावर आमची सगळ्यात जास्त भांडणं या ओलाव्यावरून होत.

---

सुभेदार | ११ मार्च

लेहला दोन वर्षं होतो. तिथली घरंही सपाट मातीच्या छताची. पॉपलरचे वासे, त्यावर विलोच्या काड्या, गवत, माती आणि वर मरकलक नावाची चिकट माती. हाताला तेलकट लागते. गावकरी ती ठरावीक जागेहूनच आणतात. वर्षाला सगळा मिळून १०० मिमीच्या आसपास पाऊस-बर्फ, तेवढ्याला ते छत उत्तम. ऑगस्ट २०१० च्या ढगफुटीनंतर मात्र अनेक घरांची छतं भिजून जड झालेली आम्ही मदतकार्यात पाहिली. बार्शीकडे पाऊस त्याच्या कितीतरी पट. उताराकडे लक्ष द्या. तिथली म्हातारी माणसं बर्फ पडला की लाकडी फावड्याने लगेच छतावरून ढकलतात, वितळायची वाट बघत नाहीत.

---

टेकाड | ११ मार्च

एक विनंती. जास्तीची पांढरी लागली तर जुन्या पांढरीच्या टेकाडाची आणू नका. तुमच्यापासून तेर फार लांब नाही. सातवाहनांच्या काळातलं तगर नगर ते हेच. तिथल्या टेकाडांतून पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी घरासाठी पांढरी नेली. त्या मातीबरोबर मणी, मृण्मूर्ती, नाणी वर आली. रामलिंगप्पा लामतुरे यांनी ती आयुष्यभर वेचून जपली, म्हणून आज तेरच्या संग्रहालयात दिसतात. जे वेचलं गेलं नाही ते कुणाच्या तरी माळवदावर पाण्यात विरघळलं.

---

सवणं | ११ मार्च

टेकाड, एक पाटीसुद्धा बाहेरून आणणार नाही. साडेसोळा टन आहे की डोक्यावर. त्यातलीच चाळून घेणार.

---

पक्कंघर | १३ मार्च

मनापासून विचारतो, राग मानू नका. एवढा खटाटोप कशासाठी? लोखंडी अँगल उभे करून वर पत्रे टाका. तीन दिवसांचं काम, गळती बंद. आईंचं वय बघता तेच सुरक्षित नाही का? दरवर्षी माळवदावर चढणार कोण?

---

लातूरकर | १३ मार्च

राग कसला, प्रश्न रास्त आहे. ज्याला दरसाल लक्ष देता येणार नाही त्याने खुशाल पत्रे टाकावेत. पण माती उतरवल्याशिवाय नाही. आमच्याकडे लोकांनी गळकं माळवद तसंच ठेवून वर पत्रे घातलेत. गळती बंद झाली, म्हणून मातीचा विसर पडला. ती अजून तिथेच आहे.

---

तळघर | १४ मार्च

वरच्या कवचासाठी दोन वाटा सुचवतो. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने भुसकटाच्या चिखलात रॉकेलमध्ये पातळ केलेलं डांबर कालवून न धुपणारा गिलावा केला होता. तो पावसात टिकतो. पण डांबर-रॉकेलचं काम उघड्यावर, विस्तवापासून लांब आणि माहीतगार माणसाकडूनच. दुसरी वाट ऑरोव्हिलच्या अर्थ इन्स्टिट्यूटची: माती, वाळू, सिमेंट, चुना, तुरटी आणि हिरड्याचा काढा. हिरडा तर आपल्या जुन्या चुनेकामातलाच. मात्र तिच्यात चुना-सिमेंट आहे, म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे बेंटोनाईटला चिकटून चालणार नाही.

---

सवणं | २६ मे

काम झालं. सविस्तर लिहिते, कारण याच कामाला हात घालणारं कुणीतरी वाचेल.

आधी खालून टेकू दिले, प्रत्येक तुळईला दोन. मग माती उतरवली, मधून दोन्ही कडांकडे, सारखी सारखी. एकाच बाजूची काढली असती तर तुळया एकीकडे लवल्या असत्या, हे मिस्त्रीमामांनी पहिल्याच दिवशी बजावलं. आठ माणसं, सहा दिवस. माती पाट्यांनी खाली जात होती आणि चौथ्या दिवशी दुपारी मधली तुळई कुरकुरली. सगळे थबकले. मामांनी खाली उतरून टेकूला हात लावला. टेकू सैल झाला होता. भार कमी झाल्यावर तुळई बोटभर वर उचलली गेली होती! किती वर्षं ती वाकून उभी होती कोण जाणे.

कुजलेले एकवीस किलच बदलले. त्यावर कडुलिंबाचा पाला गच्च अंथरला. वर भुसकट घालून आठ दिवस कुजवलेल्या पांढरीच्या चिखलाचा तीन इंच थर. तो पूर्ण वाळू दिला, भेगा पडल्या त्या बुजवल्या आणि उतार इथेच काढून घेतला, चार फुटाला दीड इंच. उतार वरच्या थराने देऊ नका, नाहीतर मधला थर सपाट राहून त्यावर पाणी साचतं.

मग गाभा. चाळलेल्या पांढरीत तिसरा हिस्सा नदीची जाड वाळू आणि एकूण वजनाच्या ८ टक्के बेंटोनाईट. माजघराला पन्नास किलोची दोन पोती आणि थोडं वर लागलं. सगळं कोरडंच तीनदा फावड्याने पालथं केलं. बेंटोनाईट ओल्यात टाकलं की संपलं: पिठल्यात एकदम बेसन ओतल्यावर होतात तशा गुठळ्या, बाहेरून गुळगुळीत, आत कोरडी पूड. पाणी झारीने शिंपडत लाडू पाहिला. ढिगावर ओलं गोणपाट टाकून रात्रभर मुरू दिलं. सकाळी धुमसाने चोपून दोन इंच बसवलं. गाभाभराव काका, तुमचा लाडू मामांना इतका पटला की दर घमेल्याला ते एक लाडू जमिनीवर टाकून बघत होते.

गाभा एक तासही उघडा ठेवला नाही. जेवढा चोपला तेवढ्यावर लगेच दोन इंच कवच: पांढरी, वाळू, भुसकट, शेण. डांबराचा गिलावा घेतला नाही, विचार करूनच. हाताखाली लाकूड आहे आणि आत चूल आहे. मला ते नको वाटलं.

एकूण सात इंच. चोपून घट्ट झालेली माती घनफुटाला ५२ किलो भरली. हिशोब करा: साडेसोळा टनांचे पाच टनांच्या आत आले.

---

भुजवासी | २७ मे

वाळवीचं काय केलंत?

---

सवणं | २७ मे

किलचांना आणि तुळयांच्या भिंतीतल्या टोकांना वाळवीचं औषध लावलं. टोकांभोवती हवा खेळायला बोटभर फट ठेवली, पूर्वी ती चिखलाने बुजवलेली होती. कूज तिथूनच सुरू झाली होती.

---

सवणं | १९ जुलै

पावसाचा पहिला अहवाल. जूनमधल्या पहिल्या दोन सरी कवचाने पिऊन टाकल्या, पन्हाळीतून थेंब आला नाही. मला धसका. तिसऱ्या सरीला पन्हाळ वाहायला लागली, आधी गढूळ, मग स्वच्छ. आत कोरडं. ४ जुलैला रात्रभर पाऊस झाला. सकाळी आईचा फोन: "समदं कोरडं हाय, कोपरा सोडून."

तो कोपरा म्हणजे माळवद आणि सवण्याकडच्या उंच भिंतीचा सांधा. भिंतीच्या दगडांच्या सांध्यांत चुना भरलेला आहे. मी गाभा थेट त्याला भिडवला.

---

गाभाभराव | १९ जुलै

तेच. चुन्याला टेकलेला बेंटोनाईट तिथे मेला. शिवाय भिंत आणि छत वेगवेगळे हलतात. पावसाळा संपला की कोपऱ्यात हातभर रुंद उकरा, भिंतीला आधी नुसत्या भुसकट-चिखलाचा जाड लेप द्या, त्यावर गाभा भिंतीवर सहा इंच वर चढवा आणि कवचाने गोलाई देऊन झाका. धरणात सांडव्याच्या दगडी भिंतीला माती भिडते तिथे आम्हीही सगळ्यात जास्त वेळ घालवत असू. माती जरा जास्त ओली घेऊन हाताने, पायाने दाबायची, यंत्र नाही.

---

सवणं | ३० सप्टेंबर

आज मुद्दाम लिहायला बसले. लातूरकर काका, तारीख लक्षात आहे.

ऑगस्टमध्ये तीन आठवडे उघडीप होती. कवचावर केसाएवढ्या भेगा आल्या. एका ठिकाणी सुरीने दोन इंच उकरून पाहिलं: खालचा गाभा दमट होता, लोण्यासारखा कापला गेला, एकही भेग नाही. खड्डा पुन्हा बुजवून चोपला. सप्टेंबरच्या पावसाने वरच्या भेगा आपोआप मिटल्या. उताराच्या खालच्या कडेला, पन्हाळीच्या तोंडाशी, कवच अर्धा इंच धुपलंय. तेवढंच दरसाल करावं लागेल, चार-पाच पाट्या, आणि त्यासाठी मामांच्या नातवाला सगळं दाखवून ठेवलंय. आम्ही एक नियम केलाय: जेवढं धुपलं तेवढंच टाकायचं. सवण्याच्या चौकटीवर सात इंचांची खूण खिळा ठोकून केली आहे, त्याच्या वर माती जाणार नाही.

कोपरा अजून गळतो, पेलाभर. दिवाळीनंतर गाभाभराव काकांच्या पद्धतीने उकरणार. पायाने दाबायची, हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग मी बी चडते." शिडीला कठडा करून घेतोय.

---

लातूरकर | ३० सप्टेंबर

सात इंचांच्या खिळ्याचा फोटो टाका ताई. इथल्या चार घरी दाखवायचाय.